विरजण संपल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. घरातलं विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. प्राण्यांचंही तसंच. आपला चित्ता शिकारीनं संपवला. 1952 साली सरकारनं तसं जाहीर केलं आणि सत्तर वर्षांनी, 2022 मध्ये, आपण वाटी घेऊन नामिबियाच्या दारात उभे राहिलो. आठ चित्ते मिळाले.

पण शेजाऱ्याकडेही विरजण नसेल तर?

स्पेन आणि फ्रान्सच्या मध्ये पिरेनीज डोंगर आहेत. तिथे बुकार्दो नावाची रानबकरी होती. शिंगांच्या हौसेपायी शिकाऱ्यांनी मारत मारत शेवटी एकच मादी उरवली. तिचं नाव सेलिया. 1999 मध्ये तिला पकडलं, कातडीचे बारीक तुकडे काढून गोठवून ठेवले, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला आणि सोडून दिलं. जानेवारी 2000 मध्ये पट्ट्याचा आवाज बदलला. जाऊन पाहतात तर झाड अंगावर पडून सेलिया मेलेली. बुकार्दो संपली.

मग ते गोठवलेले तुकडे काढले. त्यातल्या पेशींपासून भ्रूण केले, ते शेळ्यांच्या पोटात ठेवले. बहुतेक प्रयत्न फसले. 30 जुलै 2003 रोजी एका शेळीचं पोट चिरून पिल्लू बाहेर काढलं. जिवंत! नामशेष झालेला प्राणी परत आला होता. पण पिल्लाला श्वास घेता येईना. तोंडातून जीभ बाहेर लोंबलेली. दहाएक मिनिटांत खेळ आटोपला. फाडून पाहिलं तर फुप्फुसाला एक जादा भाग फुटलेला, मटणातल्या काळजासारखा घट्ट. हवा शिरणार कुठून?

आणि समजा, जगलं असतं तरी? पेशी सेलियाच्या, म्हणजे पिल्लूही मादीच. पुन्हा सांगतो, मादीच. बोकड कुठून आणणार होते?

आता मॅमथ, म्हणजे तो नामशेष झालेला केसाळ हत्ती, परत आणायच्या गोष्टी चालतात. चालू द्यात. मला आपल्या गिधाडांचं पडलंय. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती पटापट मेली. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडं थोडी उरली आहेत, भांड्याच्या बुडाशी विरजण उरावं तशी. आणि गिधाडाची मादी वर्षाला अंडं घालते एकच.