उतार नेमका चार कसा आला?

भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाकडे आलेला शोधनिबंध संपादक त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे समीक्षेसाठी पाठवतात, आणि त्यांची नावे लेखकांना सहसा कळत नाहीत. असा एक निबंध टंगस्टनच्या तंतूच्या दिव्यावरचा आहे, असे समजू. लेखकांनी विभवांतर वाढवत विद्युतधारा मोजली, रोधावरून तंतूचे तापमान काढले आणि तंतूला दिलेली शक्ती तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजेच स्टीफन-बोल्ट्झमन नियम पडताळला गेला, असा दावा केला. दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम घेतलेल्या (लॉग-लॉग) आलेखात उतार म्हणजेच घात; तो उतार ४.०० आहे.

समीक्षकाला खटकतो तो हाच आकडा. टंगस्टन हा आदर्श कृष्णपदार्थ, म्हणजे त्या तापमानाला शक्य तितके सारे प्रारण सोडणारा पदार्थ, नाही. तापमानाबरोबर त्याची उत्सर्जनक्षमताही (कृष्णपदार्थाच्या तुलनेत प्रारण सोडण्याचे प्रमाण) वाढते, त्यामुळे निव्वळ प्रारणाचा उतार चारपेक्षा जास्त यायला हवा. उलट कमी तापमानाला बरीच उष्णता आधाराच्या तारांतून आणि दिव्यात वायू भरलेला असल्यास त्यातूनही निघून जाते, आणि त्यामुळे उतार खाली येतो. हे दोन परिणाम एकमेकांची भरपाई करून चार हा आकडा आला असेल का? म्हणून आलेखात कोणत्या तापमानापासूनचे बिंदू घेतले, हे तो विचारतो.

याहून नाजूक प्रश्न थंड तंतूच्या रोधाचा आहे, कारण तापलेल्या तंतूचा रोध थंड रोधाच्या किती पट आहे यावरून तापमान काढतात, आणि ते सारे गणित त्याच्यावर उभे असते. ६ व्होल्ट, ३ वॅटच्या दिव्याचा रोध पेटलेला असताना १२ ओहम, तर थंड असताना जेमतेम १ ओहम असतो. मल्टिमीटरच्या तारा आणि होल्डरचे संपर्क यांनी त्यात ०.१ ओहमची भर घातली, तर हा पायाच दहा टक्क्यांनी चुकतो. टंगस्टनचा रोध तापमानाच्या साधारण १.२ व्या घाताने वाढतो. त्या हिशेबाने तापमान सुमारे आठ टक्के कमी निघते आणि त्याचा चौथा घात तर पाव भागाहून अधिक घटतो. गंमत अशी की सगळीच तापमाने जवळपास एकाच पटीत घसरत असल्याने आलेखाचा उतार जसाच्या तसा राहतो. तेव्हा देखणा उतार ही तापमान बरोबर असल्याची साक्ष ठरत नाही.

अक्षांवरची एकके राहून गेल्याचीही नोंद होते; ती किरकोळ. अहवालातली मुख्य मागणी अशी की थंड रोध चार तारांच्या पद्धतीने (धारेसाठी आणि विभवांतरासाठी वेगळ्या तारा, म्हणजे तारांचा रोध मोजणीत येत नाही), तंतू तापणार नाही इतक्या अल्प धारेने पुन्हा मोजावा आणि मूळ नोंदी निबंधासोबत जोडाव्यात. शिफारस मोठ्या दुरुस्तीची आहे. निर्णय संपादकांचा असेल.