शेवटच्या पगारानंतर

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आकुर्डी, चिंचवड, भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर कारखान्यांच्या शेडमागून शेड चढत गेल्या. या कारखान्यांत काम करण्यासाठी सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातून तरुण आले; कोणी आयटीआय करून, कोणी नात्यातल्या माणसाच्या ओळखीने. नव्वदच्या दशकात कंपनीत लागलेली आणि पुढे पर्मनंट झालेली त्यांतली एक मोठी पिढी आता अठ्ठावन्न वर्षांच्या, म्हणजे निवृत्तीच्या, उंबरठ्यावर उभी आहे.

या पिढीच्या हाती सरकारी नोकरासारखे निवृत्तिवेतन नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाली आणि तिच्यात मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम जाते, परंतु ती पूर्ण पगारावर मोजली जात नाही. सप्टेंबर २०१४ पासून ही मोजणी दरमहा १५,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत होते आणि त्याआधी ही मर्यादा ६,५०० रुपये होती. निवृत्तिवेतन काढताना सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागतात. तीस वर्षांच्या नोकरीला वीस वर्षांपुढील सेवेची दोन वर्षांची सवलत जोडली आणि सगळा काळ १५,००० रुपयांवर धरला, तरी महिन्याला सात हजार रुपये भरत नाहीत. प्रत्यक्षात २०१४ पूर्वीची वर्षे जुन्या मर्यादेने मोजली जातात, त्यामुळे मर्यादेहून जादा पगारावरील निवृत्तिवेतनाचा पर्याय न घेतलेल्या कामगाराच्या हाती त्याहूनही कमी पडते. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही, ही त्यातली सर्वांत गंभीर बाब आहे. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर आज तीस हजारांत चालणारे घर बारा वर्षांनी साठ हजार मागेल आणि तेव्हा हा माणूस सत्तरीचा असेल.

म्हणून खरा आधार फंडाच्या आणि ग्रॅच्युइटीच्या एकरकमी पैशाचा असतो, आणि सर्वाधिक घाईसुद्धा त्याच पैशाबाबत होते. आयुष्यात प्रथमच खात्यात वीस-तीस लाख रुपये दिसतात, आणि त्याच सुमारास मुलीचे लग्न, मुलाच्या फ्लॅटचा हप्ता, गावाकडच्या घराचा स्लॅब ही सगळी कामे पुढे येतात. हे खर्च अनाठायी आहेत असे कोणी म्हणू नये. आईवडिलांनी आयुष्यभर ज्यासाठी राबायचे ठरवले होते, तेच हे खर्च आहेत. परंतु पुढची पंचवीस वर्षे दोन माणसांना ज्या पैशावर काढायची आहेत तो आधी बाजूला ठेवून उरलेल्यातून लग्न आणि स्लॅब करायचा, हा क्रम पाळला गेला पाहिजे, आणि त्याची वाच्यता मुलांसमोर निवृत्तीच्या चार-पाच वर्षे आधीच झालेली असावी. पैसे खात्यात आल्यावर नाही म्हणणे आईवडिलांना फार जड जाते.

टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. पात्रतेचे वय साठ असले, तरी निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम मिळाल्यावर ठरावीक मुदतीत पंचावन्नाव्या वर्षापासूनही या योजनेत पैसे ठेवता येतात. २०२५ मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता. त्या दराने वीस लाख रुपयांवर दर तिमाहीला ४१,००० रुपये व्याज मिळते. याहून पुष्कळ अधिक परताव्याची हमी देणारा माणूस दारात आला, तर तो नात्यातला असला तरी त्याला चहा पाजून परत पाठवावे.

कंपनीचा आरोग्यविमा बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. मधुमेह किंवा रक्तदाब आधीपासून असेल, तर नव्या विम्यात त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून स्वतंत्र विमा पंचावन्नाव्या वर्षीच घेतलेला बरा. सत्तरी ओलांडल्यावर आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण मधली बारा वर्षे ज्याची त्यालाच सांभाळायची असतात.

पैशाचा हिशेब कागदावर मांडता येतो. राहायचे कुठे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. तीस वर्षे सुट्टीत गावी जाताना ‘रिटायर झालो की इकडेच येणार’ असे ज्याने सांगितले, त्याच्या गावात आता भावांच्या वाटण्या झालेल्या असतात, बरोबरीचे मित्र पांगलेले असतात आणि हृदयरोगाचा डॉक्टर तालुक्यालाही असेलच असे नाही. त्याच्या पत्नीची भिशी, भजनी मंडळ, शेजारणी आणि नातवंडे चिंचवडमध्ये असतात, आणि गावी जायचे की नाही हे तिला कोणी विचारलेलेच नसते. निर्णय घेण्याआधी दोघांनी एक पावसाळा आणि एक उन्हाळा गावी राहून पाहावे, आणि तोवर शहरातील घर विकू नये. ते घर जिवंतपणी मुलांच्या नावे करण्यापेक्षा दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र करून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. ती मोडली गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ते रद्द करून घेण्यासाठी दाद मागता येते.

शाल, श्रीफळ आणि ग्रुप फोटो झाल्यानंतरच्या सोमवारी पहिल्या पाळीची बस नेहमीच्या वेळी निघते आणि ती आपल्यासाठी थांबत नाही. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेले आहे हे सांगणाऱ्या फिटरला दिवसभरात कोणी काही विचारत नाही. तो घरात बसून राहतो, स्वयंपाकघरातील डब्यांच्या जागेवरून सूचना देऊ लागतो, आणि ज्या घराचा कारभार पत्नीने तीस वर्षे एकटीने चालवला तिथे रोज खटके उडू लागतात. यात स्वभावाचा दोष कमी आणि तयारीचा अभाव अधिक असतो. ज्याने नोकरीत असतानाच आयटीआयच्या मुलांना काम दाखवणे, सोसायटीचे हिशेब पाहणे, वारीतल्या दिंडीची व्यवस्था बघणे किंवा ज्येष्ठ नागरिक संघात जाणे सुरू केलेले असते, त्याला त्या सोमवारी कुठे जायचे हे ठाऊक असते. बाईंच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे: नोकरी करणारी स्त्री कंपनीतून निवृत्त होते, पण स्वयंपाक आणि नातवंडे तिच्याकडेच राहतात, आणि तिच्या वाट्याला मोकळा दिवस यावा याची व्यवस्था घरच्यांनीच करायला हवी.

काही कंपन्या निवृत्तीच्या आधी मार्गदर्शन शिबिर घेतात. तिथे कामगाराबरोबर त्याच्या जोडीदारालाही बोलवावे. पतीच्या निधनानंतर पत्नीला मिळणारे निवृत्तिवेतन साधारणपणे त्याच्या निम्मे असते, ते सुरू करण्याचा अर्ज तिलाच भरायचा असतो, आणि फंडाचा खाते क्रमांक, वारसनोंद, विम्याचा कागद व मृत्युपत्र कोणत्या कपाटात आहे, हे त्या दिवशी तिला दुसऱ्या कोणाला विचारावे लागता कामा नये.