शहरातल्या कालव्यात गळ टाकताना

मंडळी, नदीवर रमणारा माणूस शहरातल्या कालव्यावर पहिल्यांदा गळ घेऊन येतो तेव्हा बहुधा हिरमुसतो. सरळसोट पाणी, दोन्ही बाजूंना दगडी नाहीतर काँक्रीटच्या भिंती, ना डोह, ना खळाळ. मासा शोधायचा तरी कुठे? माझं म्हणणं असं की कालव्यातही माशांच्या ठरलेल्या जागा असतात, फक्त त्या माणसाच्या बांधकामामुळे तयार झालेल्या असतात. त्या ओळखता येऊ लागल्या की आमिष कोणतं आणि दोरा किती जाड, हे प्रश्न दुय्यम ठरतात.

पॅरिसमधला सां-मार्तां कालवा १८२५ साली खुला झाला. लांबी जेमतेम साडेचार किलोमीटर, तोही भर शहरातून जाणारा. जानेवारी २०१६मध्ये सफाईसाठी तो उपसला, तेव्हा आधी त्यातले मासे पकडून दुसरीकडे हलवावे लागले. ते टनावारी निघाले. तळाशी सायकली, खुर्च्या, सामानाच्या ढकलगाड्या असं बरंच काही सापडलं. हे भंगार पाहून वाईट वाटतंच, पण गळ टाकणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: जिथे आपला गळ अडकून तुटतो, तिथेच माशाला आडोसा असतो.

आता तळाचा आकार पाहू. बोटींसाठी खोदलेला जुना कालवा आडवा कापून पाहिला तर परातीसारखा पसरट दिसतो. मध्ये बोटींची वाट, ती सगळ्यात खोल. दोन्ही काठांना उथळ पायरी. मधला पट्टा बोटींच्या पंख्यांनी सतत ढवळला जातो, म्हणून तिथे पाणवनस्पती फारशा तग धरत नाहीत. अन्न साठतं ते पायरी संपून तळ खाली उतरतो त्या कडेवर. ही कड शोधायची कशी? फ्लोटखाली, म्हणजे दोऱ्यावर बांधलेल्या तरंगणाऱ्या खुणेखाली, गळाला वजन लावा आणि काठापासून वीतवीत पुढे सोडत जा. बराच वेळ फ्लोट पाण्यावर दिसत राहतो आणि मग एका जागी गडप होतो. तीच कड. नवखा माणूस काठापाशीची ही जागा सोडून पूर्ण ताकदीने मधोमध गळ फेकतो, आणि मग कालव्यात मासेच नाहीत म्हणतो.

कालव्याचं पाणी साचलेलं वाटतं, पण ते पूर्ण स्थिर नसतं. दूरवर कुठेतरी लॉकचे, म्हणजे दोन वेगळ्या पाणीपातळ्यांमधल्या बंदिस्त कप्प्याचे, दरवाजे उघडतात, बोट खाली-वर करण्यासाठी पाणी सोडलं जातं आणि आपल्यासमोरचं पाणी सरकू लागतं. वाऱ्याची झुळूकही नसताना फ्लोट एका बाजूला कलतो, मागोमाग वर पडलेली पानं त्याच दिशेने निघतात. गाळ हलतो, त्यातल्या अळ्या उघड्या पडतात आणि इतका वेळ सुस्त असलेले मासे चरायला लागतात. थोड्या वेळाने ओढ थांबते, कधी उलटीही फिरते. कालव्यावरची सगळ्यात मोलाची मिनिटं हीच. नेमक्या त्याच वेळी लोक डबा उघडून बसतात!

युरोपातल्या कालव्यांत पट्टेदार पर्च हा दबा धरून शिकार करणारा मासा. पुलाची भिंत, लोखंडी खांब, बांधून ठेवलेल्या बोटीची सावली, अशा जागी त्याच्या अंगावरचे उभे काळपट पट्टे बेमालूम मिसळून जातात. त्याच्यासाठी लांब फेकायची गरजच नाही. छोटा रबरी मासा भिंतीला घासून खाली सोडायचा, तळाला टेकवायचा, किंचित उचलायचा आणि थांबायचं. झँडर या दुसऱ्या शिकारी माशाची तऱ्हा निराळी. त्याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला तो इतरांच्या वरचढ ठरतो. बोट जाऊन पाणी ढवळलं की त्याची पाळी सुरू होते.

चालताना मात्र पाऊल जपून टाका. कार्प आणि रोच ज्या कुळातले, त्या माशांत वाताशयापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, म्हणून त्यांना आवाज फार चांगला कळतो. काठाच्या दगडावर पेटी आदळली तर पायाशी चरणारा मासा निघून जातो. आणि लांब कार्बनची काठी वापरणाऱ्यांनी आधी डोक्यावर पाहावं. शहरात कालव्यावरून विजेच्या तारा जातात आणि कार्बनमधून वीज वाहते. नुसती तार जवळ आली तरी जीव जाऊ शकतो. हात कापला असेल तर जखम झाकून घ्या, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पाण्यात पसरतो.

शिशाच्या वजनांबद्दलही सांगतो. गळ टाकणाऱ्यांनी सांडलेले बारीक शिसे राजहंस खड्यांबरोबर गिळत आणि विषबाधेने मरत. ब्रिटनमध्ये १९८७पासून अशा शिशाच्या वजनांवर बंदी आली. जिथे कायदा नाही तिथेही टंगस्टन किंवा दुसरी बिनशिशाची वजनं वापरायला काय हरकत आहे?

माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे पाण्यातला प्राणवायू. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. रात्री वनस्पती आणि शेवाळ तो सोडत नाहीत, उलट वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात लांबलेल्या कोरड्या दिवसांनंतर पहिला जोरदार पाऊस पडला की रस्त्यांवरची घाण आणि तुंबलेल्या गटारांचं पाणी कालव्यात येतं. ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. नदीतला मासा निसटून जाईल, पण दोन लॉकच्या मध्ये अडकलेला मासा जाणार कुठे?

म्हणून उन्हाच्या तडाख्यात मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले, तर गळ गुंडाळा. दमलेला मासा सोडला तरी वाचण्याची खात्री नसते. कोणत्या पुलाजवळ, किती वाजता, पाण्याचा रंग आणि वास कसा, कोणत्या नळातून काय येतंय, हे टिपून, फोटो काढून कालव्याची देखभाल करणाऱ्यांना आणि प्रदूषण पाहणाऱ्या खात्याला लगेच कळवा. घाणीचा लोंढा दुपारपर्यंत वाहून गेलेला असतो आणि तपासायला आलेल्या माणसाला मग फक्त मेलेले मासे दिसतात. पहाटे कालव्यावर हजर असणारे आपण, त्यामुळे तो लोंढा डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार पुष्कळदा आपणच असतो.