आत किती जण अडकलेत?

मंडळी, तुमच्या ऑफिसात भिंतीवर एक स्क्रीन असेलच. सीपीयू, मेमरी, सरासरी रिस्पॉन्स टाइम (उत्तर द्यायला लागलेला वेळ), सगळं हिरवंगार. आज विषय ठरलाय ॲप्लिकेशन सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइटचं काम चालवणाऱ्या यंत्रणेवर, लक्ष कसं ठेवायचं हा. पण आधी त्या हिरव्या रंगाबद्दल बोलू द्या.

प्रवेशअर्जांचा शेवटचा दिवस होता. संस्थेचं नाव सांगत नाही. पावणेअकराला फोन सुरू झाले. लातूरकडच्या एका सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, "सर, सबमिट दाबलं की नुसतं गोल फिरतंय. बाहेर चाळीस पोरं उभी आहेत." मी स्क्रीन बघितली. सीपीयू १२ टक्के. सरासरी ८० मिलिसेकंद, म्हणजे रोजच्यापेक्षाही बरी! मी त्याला सांगितलं, "तुमचं नेट तपासा." ते वाक्य मला आजही टोचतं. त्याचं नेट ठणठणीत होतं.

रिस्पॉन्स टाइमची नोंद कधी होते? रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरकडून आलेली मागणी, संपल्यावर. जी संपलीच नाही, ती सरासरीत येतच नाही. बँकेच्या दारात उभं राहून बाहेर पडणाऱ्यांनाच "किती वेळ लागला?" विचारावं, तसं ते. आत रांगेत ताटकळलेल्याला कोण विचारणार? ज्या पानांना डेटाबेस लागत नाही ती झटपट सुटत होती, आणि सरासरी त्यांचीच होती. सीपीयूचंही तेच. थ्रेड म्हणजे एकेक रिक्वेस्ट हाताळणारा सर्व्हरमधला कामगार. वाट बघणारा थ्रेड काम करत नाही, मग सीपीयू वाढेल कसा?

दहा मिनिटांत साइट पूर्ण गोठली. शेवटी एका सहकारी मुलीने सर्व्हरवर 'किल मायनस थ्री' ही कमांड दिली आणि थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठे आहे त्याची यादी, काढला. आमचा ॲप्लिकेशन सर्व्हर टॉमकॅट, त्याचे डिफॉल्ट २०० थ्रेड. आम्ही दोघं खाली खाली स्क्रोल करत गेलो, तर दर वेळी तीच ओळ: डेटाबेस कनेक्शनच्या प्रतीक्षेत. पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीने वापरायच्या साठ्यात, कनेक्शन होती १०. ती दहाही कोणी धरली होती? अर्ज जमा झाल्याचा एसएमएस पाठवणाऱ्या कोडने. एसएमएसवाल्यांचा सर्व्हर ३० सेकंद उत्तर देत नव्हता, आणि आम्ही तो कॉल डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनच्या आत ठेवला होता, म्हणजे तो संपेपर्यंत कनेक्शन सुटत नव्हतं.

हिशेब सोपा आहे. एरवी एक अर्ज ०.२ सेकंद कनेक्शन धरायचा, म्हणजे दहा कनेक्शनवर सेकंदाला ५० अर्ज. ३० सेकंद धरलं की ३ सेकंदांना एक. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तो हाच: आत असलेले म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. रांगांचं गणित तर त्याहून जुनं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्यावर लिहिलं होतं. मला हा माणूस फार आवडतो, त्याच्यावर एक तास बोलता येईल, पण...

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. मग कबूल केलेलं भराभर सांगतो.

सरासरी काढून टाका, पी९९ लावा, म्हणजे ९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा. शंभरातल्या ९८ रिक्वेस्ट ०.१ सेकंदात आणि दोन १० सेकंदांत झाल्या, तरी सरासरी ०.३ च्या आतच दिसते. आणि एका पानामागे वीस कॉल असतील, तर सर्वांत संथ एक टक्क्याचा फटका साधारण १८ टक्के लोकांना बसतो.

आकडे गोळा करायला प्रोमिथियस असो की दुसरं काही, तीन आकडे आधी घ्या: किती थ्रेड गुंतलेत, पूलबाहेर किती जण थांबलेत, आणि सध्या चालू असलेली सर्वांत जुनी रिक्वेस्ट किती सेकंदांची आहे. बाहेरच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट, म्हणजे थांबण्याची कमाल मर्यादा, द्या आणि तो ट्रान्झॅक्शनबाहेर काढा.

त्या दिवशी संध्याकाळी मी जुनी नोंद उघडली. गुंतलेल्या थ्रेडची रेघ १०:५५ पासून २०० वर सरळ आडवी होती. आकडा गोळा होत होता. स्क्रीनवर तो कोणी लावलाच नव्हता.