कापड बडवता बडवता गायलेली गाणी

नमस्कार मंडळी! आज आधी हेडफोन लावा. डोळे मिटून घेतलेत तरी चालेल, आजचा विषय कानाचा आहे.

[आवाज: ओल्या कापडाचे ठोके, बायकांचं गाणं]

धप्प... धप्प... धप्प. ऐकलंत? मी हे पहिल्यांदा ऐकलं ते सोलापुरात, पूर्व भागातल्या आमच्या घरात बसून. भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटखट चालू आणि कानात हा ठेका. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी कापडाचं काम चाललंय हे लगेच कळलं. विणकरांच्या घरातल्याला ते कळतंच.

हा आवाज आहे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांचा. तिथली भाषा गेलिक. लोकरीचं ट्वीड मागावरून उतरतं तेव्हा ते विरविरीत आणि तेलकट असतं. ते आटवून दाट करावं लागतं. त्यासाठी पूर्वी घरोघरी साठवलेलं शिळं मूत्र वापरत. नाक मुरडू नका, त्यातल्या अमोनियाने लोकरीचं तेल निघतं. मग एका लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बायका बसायच्या आणि ते ओलं कापड आपटत, चोळत एकमेकींकडे सरकवायच्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचं. ध्रुवपदातल्या बऱ्याच शब्दांना अर्थच नसतो, ते फक्त हाताला ताल देतात. पण मधल्या ओळी नीट ऐका! बुडालेला नवरा, न झालेलं लग्न, शेकडो वर्षांपूर्वीच्या लढाया, सगळं त्यात आहे. एका बैठकीत तेच गाणं पुन्हा म्हणायचं नाही, अपशकुन होतो, असं मानायचे. म्हणून एकेकीला ढीगभर गाणी पाठ असायची.

मला हे ऐकताना जात्यावरची ओवी आठवणारच. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या 1 लाखाच्या वर जाते. पिठाची गिरणी आली, हाताचं दळण थांबलं आणि ओवीची रोजची पहाट गेली. बेटांवरही तसंच झालं. कापड आटवायला यंत्र आलं आणि फळीभोवतीची बैठक मोडली.

ती गाणी आज आपल्याला ऐकू येतात ती काही माणसांच्या चिकाटीमुळे. मार्गारेट फे शॉ मूळची अमेरिकेतली. 1929 ते 1935 अशी सहा वर्षं ती साउथ यूइस्ट बेटावर दोन बहिणींच्या घरी राहिली आणि त्यांच्याकडून गाणी शिकून स्वरांसकट लिहून घेतली. पाहुणी म्हणून आली आणि घरातली झाली, म्हणून तिला ती मिळाली, असं मला वाटतं. पुढे तिने जॉन लॉर्न कॅम्पबेल यांच्याशी लग्न केलं, तेही गेलिक गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवणारे. कॅम्पबेल यांनी 1938 मध्ये कॅना नावाचं छोटं बेट विकत घेतलं, आणि तिथल्या घरात ध्वनिमुद्रणं साठत गेली. ती आता ‘तोबर अन दुअलखाइश’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. नावाचा अर्थ काय, माहितीये? वारशाचा आड. ‘आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार’ म्हणतो ना आपण, तोच आड!

आता आपल्या सोलापूरकडे या. इथली जुनी गिरणी 1877 सालची. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचे फोटो हवे तितके आहेत. पण धोटा फेकल्याचा आवाज? मागावर बसून तेलुगूत गुणगुणलेलं गाणं? मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच वाक्यात मिसळून केलेलं बाजारातलं भांडण? शहर आवाजातही असतं हो, आणि ते म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहे.

माझी आत्या ऐंशीची आहे. गिरणीचा भोंगा ती तोंडाने हुबेहूब काढून दाखवते. पहिला भोंगा, दुसरा भोंगा, आणि मग डबा घेऊन पळणाऱ्यांच्या चपलांचा आवाज. गेल्या रविवारी मोबाइल तिच्यासमोर उशीवर ठेवला, पंखा बंद केला आणि म्हटलं, आत्या, काढ भोंगा. ती आधी लाजली. मग पदर सावरून ताठ बसली.

ऐका.

[आवाज: आत्या]