पुढची बढती मी स्वतःला दिली

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात सारा ब्रीडलव्ह नावाची बाई लोकांचे कपडे धुवायची. दिवसभर टबात हात घालून मजुरी मिळायची जेमतेम दीड डॉलर. त्यात डोक्यावरचे केस गळायला लागलेले. १८६७ सालचा तिचा जन्म. आईवडील गुलामीतून नुकतेच सुटलेले. सातव्या वर्षी पोरकी झाली, विसाव्या वर्षी विधवा.

हीच पुढे मॅडम सी. जे. वॉकर झाली. आधी ॲनी मलोन या काळ्या उद्योजिकेचा माल ती दारोदार विकायची, मग स्वतःचं केसांचं मलम काढलं. काळ्या बाईच्या डोक्याला काय त्रास असतो हे तिला कुणी सांगायला नको होतं, तो तिने स्वतः भोगला होता. तिची विक्रेती बाई गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसायची, केस हातात घेऊन बघायची, मलम लावून दाखवायची. धुणंभांडी सोडून हजारो बायका या कामाला लागल्या. १९१० मध्ये तिने इंडियानापोलिसला कारखाना टाकला.

तरीही १९१२ साली शिकागोला काळ्या व्यावसायिकांचं अधिवेशन भरलं, तेव्हा अधिवेशनाचे प्रमुख, काळ्यांचे मोठे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तिला बोलायची संधीच दिली नाही. ज्यांनी आपलं म्हणावं, त्यांच्याच सभेत हे घडलं, हे मला फार लागतं. शेवटी ती आपणहून उठली. म्हणाली, मी कापसाच्या शेतातून आले. तिथून बढती मिळाली धुण्याच्या टबापाशी, मग स्वयंपाकघरात. आणि तिथून धंद्यात यायची बढती मी स्वतःला दिली. पुढच्या वर्षी तिला वक्ता म्हणून बोलावणं आलं.

पैसा आला म्हणून रंगाचा जाच संपत नव्हता. १९२१ मध्ये तुलसा शहरात गोऱ्या जमावाने काळ्यांची ग्रीनवूड ही भरभराटीची पेठ जाळली. हॉटेलं, दवाखाने, दुकानं, सगळं गेलं. विम्याचे हप्ते भरलेल्या दुकानदारांना कंपन्यांनी पॉलिसीतलं, दंगलीतलं नुकसान भरून मिळणार नाही हे कलम दाखवून परत पाठवलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकं यायची बंद झाली. सल्ला चुकीचा निघाला असं काही झालं नव्हतं.

वॉकरबाईंची आणखी एक गोष्ट सांगते. इंडियानापोलिसच्या एका थिएटरात त्या सिनेमाला गेल्या. तिकीट दहा सेंटचं. खिडकीवर त्यांना सांगितलं, काळ्यांना पंचवीस. लाखोंची उलाढाल करणाऱ्या त्या बाईंनी पंधरा सेंटसाठी वकील गाठला आणि दावा लावला. कंपनीच्या नव्या इमारतीत स्वतःचं थिएटर बांधायचंही त्यांनी मनात घेतलं. १९१९ मध्ये त्या गेल्या. थिएटर उघडलं १९२७ साली.