केळीचा व्हायरस: अंगात आलेला की वंशात लिहिलेला?

नमस्कार मंडळी. बुरहानपूरच्या केळीच्या पानांचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "ताई, रोगट केळीच्या मुनव्यालाही रोग येतो, म्हणजे हा खानदानी रोगच ना?" (मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारा कोंब.) लिहून लिहून उत्तरं दिली, आज बोलूनच सांगते.

आधी झटपट उजळणी. आपली बहुतेक खायची केळी दोन रानटी जातींतून आली, मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. पहिलीचा गुणसूत्रसंच ए, दुसरीचा बी. ग्रँड नैन, बसराई या जाती एएए, म्हणजे तिन्ही संच ए. तीन संच, 33 गुणसूत्रं, त्यांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. केळं कापल्यावर मधे बारीक काळे ठिपके दिसतात ना, ते न भरलेलं बी. म्हणून लागवड मुनव्यानं, कंदानं नाहीतर टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या रोपानं. झालं.

आता नीट ऐका. मुनवा हे केळीचं मूल नाही. तो तिच्याच कंदाला फुटलेला तिचाच अवयव आहे. हाताचा संसर्ग बोटात उतरला, तर बोटाला तो वारशात मिळाला असं म्हणतो का आपण?

माझ्याच अंगणातलं सांगते. तीन वर्षांपूर्वी मामानं बुरहानपूरहून चार मुनवे आणले, ग्रँड नैनचे, शेजारच्या शेतातून. ज्या केळीचे काढले तिचं पान हिरवंगार, शंका यावी असं काही नाही. इथे इंदूरला रामबागेत लावले आणि एकाच्या नव्या पानावर शिरांच्या बाजूनं पिवळ्या तुटक रेघा उमटल्या. मग मधला पोंगाच, म्हणजे न उलगडलेलं पान, सडला. खानदेशात याला हरण्या म्हणतात, बुरहानपूरला सरळ सीएमव्ही, म्हणजे कुकंबर मोझॅक व्हायरस. हा काकडीवर्गातल्या वेलींवरही राहतो आणि मावा ही कीड त्याला केळीवर आणते. त्या शेताच्या बांधाला काकडी होती, मामाला हे नंतर आठवलं. चारही मुनवे उपटले. घडाची वाट बघणाऱ्या आजीला ते सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणजे रोग आला बाहेरून आणि मुनव्यात बसून इंदूरला पोचला. केळीच्या जनुकांत तो कुठेच नव्हता.

मग खरोखर वंशातून येणारा व्हायरस असतो का? असतो! बनाना स्ट्रीक व्हायरस. पिठ्या ढेकूण नावाची कीड त्यालाही पसरवते, पण त्याची गंमत वेगळी आहे. त्याची पूर्ण प्रत बी संचाच्या गुणसूत्रातच शिवलेली असते. बाल्बिसियानाला स्वतःला त्याचा त्रास नाही. पण ए आणि बीचा संकर केला, की काही संकरांत पाण्याचा ताण, तापमानातले चढउतार किंवा टिश्यू कल्चर यांनी ती प्रत जागी होते. दोन्ही पालक ठणठणीत, मावा नाही, ढेकूण नाही, तरी रोप रेघाळतं. 1999 मध्ये हे उलगडलं, तोवर लोक बाहेरचा शिरकाव शोधत बसले होते. याला म्हणायचा वारसा. फरक कळला? पहिला रसात असतो, दुसरा गुणसूत्रात.

आणि इथेच मला राग येतो. "टिश्यू कल्चर आहे, व्हायरस असूच शकत नाही" असं छातीठोक सांगून रोपं विकतात. मलाही एका नर्सरीत हेच ऐकवलं. अहो, मातृवृक्ष तपासलेलाच नसेल तर बाटलीत त्याचाच व्हायरस वाढणार! आणि एएबी, म्हणजे दोन ए आणि एक बी संचाचा संकर असेल तर तीच बाटली झोपलेल्याला उठवूही शकते. रोप घेताना व्हायरस तपासणीचा दाखला मागा. टिश्यू कल्चर म्हणजे हायब्रीडही नव्हे, ती एकाच झाडाची नक्कल.

पैदासकार याच गाठीशी झगडतायत. बी संचात काटकपणा आहे, दुष्काळ सोसायची ताकद आहे, तो सोडवत नाही. म्हणून काहींनी बाल्बिसियानाचं स्वपरागण करून शिवण नसलेली संतती निवडली. नैरोबीत 2019 मध्ये क्रिस्पर या जनुक-बदलाच्या तंत्रानं गोंजा मांजाया या एएबी केळीतली ती प्रतच निकामी केली. पाण्याचा ताण दिल्यावरही त्यातली सुमारे 75 टक्के रोपं रेघांशिवाय राहिली.

हरण्या आणि स्ट्रीकच्या रेघा सुरुवातीला सारख्याच दिसतात, स्ट्रीकच्या पुढे तपकिरी-काळ्या पडतात. म्हणून नुसता पानाचा फोटो पाठवू नका. ग्रँड नैन आहे की कोकणातली राजेळी, मुनवा कुठून आणला, आणि शेजारी काकडी-भोपळा आहे का, एवढं सोबत लिहा.